श्वासावरची हजेरी

३० मार्च. योगवर्गाचा हजेरीपट विद्यापीठात पाठवायचा होता, म्हणून तपासायला घेतला. कॉलेजात तत्त्वज्ञान विभागाचं ऑफिस मी सांभाळते. योगाचे सर भोईवाड्याहून चालत येतात, करारावर शिकवतात. जिना चढताना त्यांचं पाऊल वाजत नाही. हजेरीला ते नावं पुकारत नाहीत. सगळ्याजणी शवासनात निजल्या की दाराशी डोळे मिटून बसतात आणि नुसत्या श्वासावरून कोण आलंय ते ओळखतात. आजवर एकदाही चुकले नव्हते.

लालबागच्या एक विद्यार्थिनी बाई फेब्रुवारीत वारल्या. मार्चच्या पटात त्या रोज हजर होत्या.

"सर, ह्या गेल्या ना? आपणच हार घेऊन गेलो होतो."

"हो, मॅडम."

"मग हे काय? खोटी हजेरी म्हणून करार जाईल तुमचा."

"खिडकीजवळून श्वास येतो. डावी नाकपुडी चोंदलेली, त्यांचीच. गैरहजर कसं लिहू?"

"ते नाव खोडा आणि सही करा बघू."

त्यांनी पेन हळूच माझ्यापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात दाराशी, सरांच्या शेजारी डोळे मिटून बसले. समोर सातजणी निजल्या होत्या. माझा आणि सरांचा सोडून आठ श्वास ऐकू आले. पुन्हा मोजले, आठच. मग खाली येऊन मी त्या बाईंचं नाव खोडलं, सरांची सही मीच ठोकली आणि पट पाठवून दिला.