अल्लालच्या माडीखालून गेलेला उंट

अल्लाल आमच्या बोळात चपला शिवायचा. आमच्या फेस शहरात चपला शिवणारे पुष्कळ, पण झिजलेली टाच बघून माणूस ओळखणारा हा एकटाच. टोकाच्या घरातल्या हाजी बूश्ताच्या चपला बघून मला, शेजारच्या मावशीला, म्हणायचा, "खाला, ही अडून बसणाऱ्याची टाच."

त्याची मुलगी रकिया लग्नाला आली. जावई घरातच राहणार आणि घर दीड खोलीचं. उरला होता तो बोळावरचा वारा. त्याच्या भिंतीपासून माझ्या भिंतीपर्यंत तुळया टाकून वर माडी काढायची ठरली. मी म्हटलं, घाल माझ्या भिंतीत, शेजाऱ्याच्या लाकडाला नाही म्हणू नये.

पण आमचा बोळ पुढे बंद. असा बोळ एकाचा नसतो, सगळ्या दारांचा असतो. पाचांतली चार दारं हो म्हणाली. हाजीला मात्र दारातून आभाळ दिसायला हवं होतं. काजी म्हणाले, त्याच्या होकाराशिवाय माडी नाही. नवऱ्याकडचे तर दिवस मोजत बसलेले.

शेवटी सगळ्यांनी गळ घातली तेव्हा हाजी म्हणाला, तुळयांखालून ओझं लादलेला उंट गेला तर माझा होकार. मोहल्ल्याचा मुकादम उंटाच्या उंचीची काठी घेऊन मोजायला आला, तर हाजी ती मानेना. "काठीला मान असते का? उंट मी आणतो."

अल्लालनं दोन तुळया चढवल्या. हाजीनं वेशीबाहेरून शोधून शोधून उंच उंट आणला, वर लोकरीचे गठ्ठे. रकियानं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. उंट तुळईपाशी थांबला, वर बघितलं आणि सासऱ्यापुढून सून जावी तसा मान खाली घालून गेला. गठ्ठा घासला, तुळई हलली नाही.

हाजीनं तोंड फिरवलं. पण उंटाला फिरता येईना. बोळ चार हात, आणि मागे चालणं त्याच्या खानदानात नाही. वळायला जागा एकच, हाजीचं अंगण. दारही त्यानं मोठेपणासाठी केवढं ठेवलेलं. गठ्ठे उतरवून उंट आत घातला. त्यानं सगळा पुदिना फस्त केला आणि संत्र्याच्या झाडाकडे मान वळवली.

हाजीची बायको वरून म्हणाली, "अहो, दिलेला शब्द पाळा आणि पाहुण्याला घालवा."

"बांध माडी," हाजी म्हणाला, "पण आधी याला काढ."

आता रकियाची मुलं वर धावतात. उन्हाळ्यात हाजी त्याच माडीखाली सावलीला बसतो, आभाळ दिसत नाही म्हणून कुरकुरतो आणि उठत नाही. अल्लाल म्हणतो, टाच तीच आहे, खाला, फक्त बसायची जागा बदलली.