बाबांचे चिनी सरदार

आमच्या बाबांनी अर्धा चीन जिंकला तो कोहमारा गावातल्या आमच्या घरी, खाटेवर पाय ताणून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हायवेवरचं टायरचं दुकान बंद होतं आणि दिवसभर घरात बसून आईच्या भाजीत मीठ जास्त का कमी, एवढाच त्यांचा धंदा. शेवटी मीच वैतागले. दादाचा जुना कम्प्युटर पुसून सुरू केला आणि म्हटलं, घ्या, हा खेळ खेळा, पण आमचं डोकं खाऊ नका.

खेळ दादाचाच होता. जुन्या काळचा चीन, नकाशावर शहरं आणि शहराशहरात नामी सरदार. लढाया असतात, पण खरं काम सरदार जोडण्याचं. कोणी कैदेत सापडतो, कोणी आपल्या राजाला कंटाळलेला असतो, कोणी उगाच गावात रिकामा बसलेला असतो. त्याला बोलवायचं, मान द्यायचा, चांगला घोडा द्यायचा. दुर्लक्ष केलं की त्याची निष्ठा उतरत जाते आणि एक दिवस तो शेजारच्या राजाकडे चालता होतो. शाळेत असताना दादानं आणि मी या सरदारांवरून एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात.

दादा मात्र तेव्हा घरात नव्हता. त्यानं आपल्या मनानं, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी, कोणाला न सांगता लग्न केलं. बाबा म्हणाले, या दारात पाय ठेवू नको. दादा म्हणाला, तुम्ही स्वतः न्यायला आल्याशिवाय ठेवणारही नाही. आणि गेला तिरोड्याला, तिथंच नोकरी, तिथंच बिऱ्हाड. तिरोडा म्हणजे काय अमेरिका आहे? आपल्याच जिल्ह्यातलं गाव. पण दोघंही सारखेच, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मी दादाशी फोनवर बोलायची तेव्हा बाबा मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तर बाबांना लढाईत काही रस नव्हता. त्यांना माणसं जोडायची होती. इंग्रजीतली ती चिनी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी बारसंच केलं. लाल चेहऱ्याचा, छातीपर्यंत दाढी असलेला तो पाटील. नुसत्या आरोळीनं फौज पळवणारा तो बोंबल्या. सगळ्यांत बलवान, पण दर राजाला दगा देणारा, तो दलबदलू. आई म्हणायची, घरात मेले चिनी लोकं भरून ठेवले यांनी. पाटलाची गोष्ट मी बाबांना सांगितली होती. शत्रूनं त्याला धरून सोनं दिलं, मेजवान्या दिल्या, देशातला सगळ्यात भारी घोडा दिला. आणि भाऊ मानलेला आपला मालक कुठं आहे एवढं कळताच तो सगळं टाकून निघाला. बाबा बराच वेळ त्या दाढीकडे पाहत राहिले. चांगल्या घरचा दिसते, म्हणाले.

मग त्यांना गुरुजी हवे झाले. गुरुजी म्हणजे डोंगरात झोपडी बांधून राहणारा हुशार मंत्री. तलवार धरत नाही, पण तो आला की राज्य तुमचं. बाबांचा राजा त्याच्या झोपडीवर गेला, गुरुजी घरी नाहीत. परत गेला, गुरुजी झोपलेत. बाबांनी राजाला पुन्हा पाठवलं. मी म्हटलं, बाबा, एखादा सरदार पाठवा ना, राजाला कायले फिरवून राहिले?

बाबा मान न वळवता म्हणाले, "मानाचा माणूस हाय तो. त्याच्या दारात मालकानंच जा लागते. नोकर पाठवून येईल का?"

माझे कणकेचे हात परातीतच राहिले. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. कुठलं काय! ते माउस घेऊन पुन्हा डोंगराकडे निघाले होते.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. आमच्याकडे पत्रिका कितीही छापा, मोबाईलवर पाठवा, ते निमंत्रण नव्हेच. घरच्या मोठ्यानं दारात जाऊन हळदीची अक्षत हातावर ठेवली की निमंत्रण. बाबा काठी टेकत गावोगाव फिरले. तिरोड्यालाही गेले, आत्याच्या घरी अक्षत दिली आणि परत आले. आत्याचं आणि दादाचं घर एकाच गल्लीत.

संध्याकाळी दादाचा फोन आला. म्हणाला, "बाबा माझ्या घरासमोरून गेले. मी ओट्यावरच बसलो होतो."

मी फोन ठेवला आणि बाबांवर तुटून पडले. त्या चिन्याच्या झोपडीपुढं तुमचा राजा ताटकळतो, म्हटलं, आणि पोटच्या पोराच्या दारात तुम्हाला थांबवत नाही? मला वाटलं होतं, चिडतील. पण ते काठी ठेवून खाटेवर बसले.

"तो चिन्या परका हाय," ते म्हणाले. "घरच्या पोराले कोनी अक्षत देते का? देली का तो पाहुना झाला. मी आपल्या हातानं त्याले पाहुना कसा करू?"

मी दादाला निरोप दिला, की बाबांच्या लेखी तू घरचाच आहेस. तो म्हणाला, घरच्याला बाप ओळख दाखवते.

लग्न लागलं. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि बजावायचं, माझ्या बहिणीला नीट सांभाळ. लहानपणापासून दादा मला धमकावायचा, तुझ्या नवऱ्याचा कान लाल करून सोडतो पाहा. भटजींनी विचारलं, नवरीचा भाऊ कुठं आहे? सगळा मांडव उगाच फाटकाकडे पाहू लागला. बाबाही पाहत होते. मग चुलतभाऊ पुढे झाला, त्यानं कान धरला, लोक हसले, फोटो निघाला. त्या फोटोत मी खाली पाहते आहे. लाजली, असं सासरचे म्हणतात.

मी फुलचूरला सासरी आले. काही दिवसांनी दुपारी बाबांचा फोन. गुरुजी आले, म्हणाले. मला कळेचना, कोण गुरुजी. झोपडीतले वं, आले शेवटी. आवाज आनंदाचा नव्हता. म्हणाले, उद्या तिरोड्याले जातो. मी फोन ठेवून देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिरोड्याच्या बसस्टँडवरून त्यांचा फोन आला. दादानं वाकून नमस्कार केला. सुनेनं चहा दिला, खुर्ची दिली. मग बाबांनी खिशातून पुडी काढून हळदीची अक्षत त्याच्या हातावर ठेवली.

"तो पाहतच राह्यला," बाबा म्हणाले. "मग म्हणते, बाबा, हे कायची अक्षत? लग्न तर होऊन गेलं."

मागून कंडक्टर गोंदिया, गोंदिया ओरडत होता.

"त्या खेळात कितीबी उशिरा जा वं बाई," ते म्हणाले, "तो माणूस झोपडीतच राहते."

मी विचारलं, अक्षतीचं काय केलं मग?

"त्यानं वापस देली. खिशात हाय."