विस्कॉन्सिनचं एक मत

माझ्या बायकोला, अश्विनीला वाटतं, मिलिंदचा हात वाऱ्याने आपटलेल्या दारात सापडला. त्याच्या बायकोला, संगीतावहिनींनाही तेच वाटतं. दवाखान्याच्या कागदांवरही तेच लिहिलेलं आहे. मी यातल्या कुणालाही आजवर दुरुस्त केलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात, तर तुम्हालाही बहुधा वाराच सांगितला असता.

मी तापट माणूस आहे. लहानपणी घरात याचं कौतुकच व्हायचं, पोराच्या नाकावर राग आहे म्हणून. इथे जर्मनीत, येनामध्ये चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय आणि या चौदा वर्षांत मी आवाज चढवलेला कुणी ऐकलेला नाही. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा बघून उभा राहतो. ऑफिसातले लोक मला शांत समजतात. मीही समजायला लागलो होतो. राग जातो कुठे हो? कुठेच जात नाही, दबा धरून बसतो.

मिलिंद आमच्याकडे आला तो अमेरिकेत अठरा वर्षं काढून, तिथलं नागरिकत्व घेऊन. इथल्या संशोधन संस्थेत लेझरची उपकरणं जुळवायचं काम. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक बोटांनी ओळखायचा. संस्थेतले लोक त्याच्या हातांबद्दल बोलायचे. जर्मन मात्र त्याला येत नव्हतं, त्यामुळे घराच्या करारापासून मुलीच्या शाळेपर्यंत प्रत्येक ठिकाणी मी त्याच्या शेजारी बसून बोलायचो. मला ते आवडायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कुणाला आवडत नाही?

मिलिंद नागपूरचा. बौद्ध. हे मी इथे का लिहितोय? कारण त्या दिवशी मला ते आठवलं. त्याआधी दोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो की असलं काही माझ्या लक्षातही राहत नाही.

अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जवळ आली होती. माझी धाकटी बहीण तिथे, तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं लटकलेलं. अमुक निवडून आला तर या लोकांना गाशा गुंडाळावा लागेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी रोज आकडे बघायचो. तिथला हिशोब सरळ आहे — बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्या राज्याचं सगळं माप त्याच्याच पदरात. त्यामुळे खरी लढत पाच-सात राज्यांत, आणि तिथे दोघं अगदी खेटून. अशा ठिकाणी तिसरा उमेदवार काही जिंकत नाही, पण दोघांतला कोण हरणार हे ठरवून जातो. विस्कॉन्सिन त्या राज्यांतलं एक. मिलिंद अमेरिकेत शेवटचा तिथे राहिलेला, म्हणून जर्मनीत बसूनही त्याचं मत विस्कॉन्सिनमध्येच पडणार होतं.

मला तिसरा उमेदवार म्हणजे काय, ते कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गावात माझा काका नगरपालिकेला उभा होता, तेव्हा बुद्धविहारामागच्या वस्तीतले एक मास्तर अपक्ष उभे राहिले. काका पडला. मतं खायला उभा केला, सुपारी घेतली — संध्याकाळपर्यंत गावभर हेच. मी कॉलेजात होतो. आम्ही दहा-बारा जण मास्तरांच्या घरावर चालून गेलो. कौलं फोडली, सायकल वाकवली, त्यांना ओढून चौकात आणलं आणि लोळवलं. त्यांच्या बरगड्यांत बसलेल्या लाथांत दोन माझ्या होत्या. ते ओरडले नाहीत, फक्त चष्मा शोधत राहिले. घरी आल्यावर काकाने पाठ थोपटली आणि आईने जेवायला वाढलं. मी पोटभर जेवलो.

तर तो शनिवार. दुपार. अश्विनी आणि संगीतावहिनी मुलींना घेऊन बाजारात गेल्या होत्या. मिलिंद आमच्याकडे आला, कारण त्याच्याकडे प्रिंटर नव्हता आणि त्याला साक्षीदार हवा होता. विस्कॉन्सिनची ती रीत आहे — टपालाने मत देणाऱ्याने ते कुणाच्या तरी समोर द्यायचं, आणि त्या माणसाने सही करायची. साक्षीदाराने समोर बसायचं, पण खूण कुणावर केली ते बघायचं नाही. मिलिंदने मला ते दोनदा समजावून सांगितलं. मी हो, हो म्हणत होतो.

आणि मी बघितलं. चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने उठलो आणि त्याच्या खांद्यावरून बघितलं. तिसऱ्या उमेदवारापुढे काळी खूण होती.

त्याने कागद पाकिटात घातला, चिकटवलं आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं. मी पेन हातात घेतलं आणि म्हणालो, मिलिंद, हे मत फुकट घालवतोयस तू. तो माझ्याकडे बघत राहिला. मी बघितल्याचं त्याला तेव्हाच कळलं असणार. रागावला नाही. म्हणाला, "मी त्याला जिंकवायला देतच नाहीये रे. मोजलं जायला देतोय. दोघांनीही मला गृहीत धरलंय. हरणारा कधीतरी विचारेल ना, ही माणसं गेली कुठे?"

मी बहिणीचं सांगितलं. हात जोडले. त्याने ऐकून घेतलं, वाईट वाटतं म्हणाला, आणि पाकीट उचललं. सही दुसऱ्या कुणाची तरी घेतो, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं म्हणून जिना उतरायला लागला.

त्याने तिथे भांडायला हवं होतं. तो इतका शांत कसा काय? — हे मी त्या वेळी जिन्यात मनात म्हणत होतो, आणि तेव्हाच मास्तरांचा चष्मा शोधणारा हात मला आठवला. लाज वाटायला हवी होती. मला चेव आला.

त्याची सायकल खाली केलरमध्ये होती, म्हणजे इमारतीच्या तळघरात. तळघराचं दार लोखंडी, आग अडवण्यासाठी बसवलेलं, आपोआप लागणारं. मी त्याला त्या दारात गाठलं. पाकीट हिसकायला गेलो. त्याने ते डाव्या हातात मागे धरलं, उजव्या हाताने चौकट पकडली. मी त्याची कॉलर धरली, बटण तुटलं. आणि मी म्हणालो — तुम्ही लोक इथेही तेच करता. मतं खाता.

तुम्ही लोक. दोन वर्षं ज्याच्या घरी जेवलो, त्याला.

मिलिंदचा चेहरा एकदम थंड झाला. तो म्हणाला, "खाल्लं म्हणतोस? तुझ्या ताटात वाढलं कुणी होतं ते?"

मी दार ढकलून आपटलं.

पहिल्यांदा आपटलं ते रागाने, कुठे लागेल हे न बघता. हे खरं आहे, पण एवढंच खरं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. त्याची बोटं चौकटीत सापडली. तो ओरडला. दार थोडं मागे आलं, फट राहिली, त्या फटीतून मला त्याची बोटं दिसली — दोन बोटं, पांढरी पडलेली, अजून आत अडकलेली. त्याने डोळे मिटले होते. मला दार उघडायचं असतं तर एक पाऊल मागे सरकणं पुरलं असतं.

मी खांदा लावला. सगळं वजन टाकून ते दार पुन्हा लावलं.

हाड मोडल्याचा आवाज ऐकला आहे तुम्ही? मोठा नसतो. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. त्यानंतर दाराच्या कडेवरून रक्त माझ्या बुटावर आलं. आणि त्या क्षणी — हे मला सगळ्यात अवघड जातंय — मला बरं वाटलं. कित्येक वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं बरं वाटलं.

मग मी दार उघडलं आणि माझं रडू फुटलं. त्याचा हात टॉवेलमध्ये गुंडाळून, गाडीत घालून नोटआउफनामं गाठलं, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग. तिथे नोंदणीच्या बाईने काय झालं विचारल्यावर त्याने तोंड उघडायच्या आत मी जर्मनमधून बोललो. जिन्याची खिडकी उघडी होती, वारा आला, दार आपटलं. तिने लिहून घेतलं. मिलिंदने विचारलं, "काय सांगितलंस?" मी म्हणालो, वारा. तो म्हणाला, "ठीक आहे. संगीतालाही तेच सांगू. दाराची स्प्रिंगच हरामखोर आहे रे, परत आलं ते."

स्प्रिंग. त्याने दुसऱ्या वेळचा दोष दाराला दिला. डोळे मिटलेले होते ना त्याचे.

मी त्याला दुरुस्त केलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या क्रांकनकासंचा, म्हणजे आरोग्य विम्याचा, अपघाताबद्दलचा फॉर्म आला. सगळा जर्मनमध्ये, म्हणून तो घेऊन माझ्याकडेच आला. यात दुसऱ्या कुणाचा दोष आहे का, असा एक प्रश्न होता. मी 'नाही'च्या चौकोनात फुली मारली आणि सही कुठे करायची ते त्याला बोटाने दाखवलं. त्याने डाव्या हाताने, लहान मुलासारखी, सही केली. संगीतावहिनी वर मला म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर एकटे असते तर काय केलं असतं यांनी. डबाभर चकल्या पाठवल्या. त्या मी खाल्ल्या.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. तर्जनी वाकत नाही आणि मधल्या बोटाला काही जाणवत नाही. उपकरणं जुळवायचं काम आता दुसरा माणूस करतो. मिलिंद त्याच खोलीत कोपऱ्यात बसून अहवाल टाइप करतो. त्या माणसाला कुठे चुकतंय ते तोंडाने सांगायचा प्रयत्न करतो आणि मग गप्प होतो. हे मला संगीतावहिनींनी सांगितलं, तो सांगत नाही.

इथवर सांगून थांबावंसं वाटतंय. पण अजून एक आहे.

त्याच दुपारी पहिल्या शस्त्रक्रियेला आत नेताना मिलिंदने खिशातलं पाकीट काढून मला दिलं. एका कोपऱ्याला रक्त लागलं होतं. म्हणाला, "झालं ते झालं. सही कर आणि आजच टाक, पोचायला वेळ लागतो." माझ्याशिवाय त्याच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून? की मी एवढं तरी नक्की करीन, असं त्याला वाटलं म्हणून? मी त्याचा चांगला हात दाबला आणि हो म्हणालो.

घरी येऊन मी आधी तळघराचं दार पुसलं. मग पाकिटाचे चार तुकडे केले, चाराचे आठ केले आणि अंगणातल्या रद्दीच्या पिंपात टाकले. घाईत नाही, रागातही नाही. हात धुऊन, विचार करून. संध्याकाळी त्याने फोनवर विचारलं, टाकलंस? मी म्हणालो, टाकलं.

निकालाच्या दिवशी सकाळी तो सगळ्यांना घेऊन आमच्याकडे आला. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मी ज्याला घाबरत होतो, तोच जिंकत होता, आणि मला आतून काहीच वाटत नव्हतं. टीव्हीवर विस्कॉन्सिनचे आकडे आले. वर दोन मोठी नावं, आणि खाली बारीक अक्षरांत बाकीच्यांची. माझ्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं, खालच्या त्या माणसाला मतं का देतात लोक, तो तर हरतोय. तिने काय विचारलं ते मी मिलिंदला मराठीत सांगितलं.

मिलिंद उठला. पडद्याजवळ गेला आणि प्लास्टरमधून बाहेर आलेलं अंगठ्याचं टोक त्या बारीक आकड्याखाली टेकवलं. हसत होता. म्हणाला, "तिला सांग, यातलं एक माझं आहे."

मी तिला जर्मनमध्ये सांगितलं.