व्याह्यांच्या आजोबांचे वडील

तुमची दोघांची नावं पुण्यात छापलेल्या एका जाडजूड पुस्तकात कशी आली, असं पुढेमागे कोणी विचारलंच तर उत्तर हाताशी असावं म्हणून हे लिहून ठेवते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल. तो मधलं काही गाळतोय अशी शंका आली तर कागद मोजा, सात आहेत. पाठपोट लिहिलेले नाहीत.

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. म्हणजे मूळ पुरुषापासून आजवर कोण कोणाचा मुलगा, याची यादी. पहिली आवृत्ती माझ्या लग्नाच्याही आधीची. त्या संबंध पुस्तकात आळशी किंवा भांडखोर माणूस एकही नाही. सगळे मनमिळाऊ आणि परोपकारी. ज्यांच्या तापटपणाच्या गोष्टी मी सासूबाईंकडून ऐकल्या होत्या, त्यांच्यापुढे 'स्पष्टवक्ते' असं छापलेलं आहे. खुद्द सासूबाई 'पत्नी' या एका शब्दात मावल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी नव्या आवृत्तीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष माझे चुलत दीर. सदाशिव पेठेतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सही करायला काही मिळत नव्हतं, ती सोय झाली. समितीने छापील फॉर्म काढला. या वेळी सुनांच्या माहेरचीही माहिती घ्यायची, असा पुरोगामी ठराव झाला होता. त्याप्रमाणे रकाने होते: सुनेचे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. सुनेच्या आईला रकाना नव्हता. पुरोगामी व्हायचं तेही बेताने. तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती, 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.'

मी फॉर्मचं इंग्रजी करून तुमच्या आईला पाठवला. तिने तो तिच्या वडिलांना दिला. तुमचे हे तिकडचे आजोबा, म्हणजे माझे व्याही, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो, त्यापुढे आमची मजल कधी गेली नव्हती. त्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"आमच्या घरातलं कोणी आजवर पुस्तकात छापलं गेलेलं नाही," ते म्हणाले. (ते अर्थातच इंग्रजीत बोलतात. मराठी माझं.) "पहिली तीन नावं मला पाठ आहेत. चौथा, माझ्या आजोबांचा बाप, जहाजावर कप्तान होता. वादळात बुडाला. त्याचं नाव तेवढं कोणाला ठाऊक नाही. तुम्ही शोधाल? मरायच्या आत मला ते माहीत व्हायला हवंय."

त्यांच्या दिवाणखान्यात जहाजाचं एक मोठं चित्र आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. ते कप्तानाच्या आठवणीसाठी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

व्याह्यांच्या आजोबांच्या गावच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांचे फोटो आता घरबसल्या पाहता येतात. तुमच्या आईने ते मला धाडले, कारण तिकडे ते कोणालाच वाचता येईनात. तसलं तिरकं, वेलबुट्टीचं अक्षर आमच्या शाळेतल्या नन्सनी आमच्याकडून छडी उगारून गिरवून घेतलं होतं. इंग्लंडातल्या माणसाला इंग्लंडातल्याच पाद्र्याचं अक्षर लावून द्यायला पुण्याची बाई लागली, याचा मला जो आनंद झाला तो काही फार सात्त्विक नव्हता.

मी वही आखली, पेन्सिलींना टोकं काढली आणि कामाला लागले. पहिल्यांदा त्या आजोबांच्या लग्नाची नोंद मिळाली. तिथेही रकानेच. वराचं नाव, वय, धंदा. वराच्या वडिलांचं नाव. वडिलांचा हुद्दा: 'जहाजाचा कप्तान, मयत.' खाली साक्षीदारांच्या जागी एक सही आणि एक फुली.

मी लगेच फोन लावला. व्याह्यांनी कप्तानाचं नाव माझ्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. इकडे दिरांनी तर मसुद्यात 'दर्यावर्दी घराणे' असं टंकून घेतलं.

"वहिनी, कामगिरी केलीत," ते म्हणाले. "नाहीतर सुनेच्या माहेरी बसड्रायव्हर एवढंच आलं असतं."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण एका कागदावर विसंबायचं नाही, ही माझी खोड. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली. आठ दिवसांनी ती सापडली.

मुलाचं नाव होतं. आईचं नाव होतं. तिच्यापुढे 'अविवाहित स्त्री' असं स्वच्छ लिहिलं होतं. बापाच्या जागी पाद्रीबुवांनी एक रेघ मारली होती. शेजारच्या ओळींत गवंडी, सुतार, गाडीवान, सगळ्यांच्या मुलांना बाप होते.

आणखीही एक गोष्ट होती. मुलाचं मधलं नाव हे नाव नव्हतंच, ते आडनाव होतं. इंग्रज माणूस त्यावरून पुढे गेला असता. पण आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं, हे जन्मापासून फॉर्म भरून भरून माझ्या बोटांत बसलेलं. मी त्या आडनावाचा माग काढला. गावातला गिरणीमालक, चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, बायकामुलांचा धनी. पुरावा म्हणाल तर काहीच नाही. बाईला रकाना भरू दिला नव्हता, तिने पोराच्या नावात तो भरून टाकला होता, इतकंच.

मग कप्तान आला कुठून? तो लग्नाच्या दिवशी आला असणार. सासरची माणसं भोवती उभी, पाद्री लेखणी उचलून विचारतोय, वडिलांचं नाव? पोराने तिथल्या तिथे एक कप्तान काढला आणि तोंडातून शब्द पुरा व्हायच्या आत बुडवला. बुडालेल्या माणसाला लग्नाला यावं लागत नाही. या कामात तो माणूस आमच्या समितीवर शोभला असता.

आता हे व्याह्यांना कसं सांगायचं? आपल्याकडे अशा वेळी जे करतात ते मी केलं. पहिल्या रविवारी सांगितलं, शाई पुसट आहे. दुसऱ्या रविवारी सांगितलं, पान पाण्याने खराब झालंय. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, "वहीला वाळवी लागलेली दिसते."

व्याही पडद्याजवळ सरकले. "आमच्याकडे वाळवी नसते," ते म्हणाले. "काय सापडलंय ते सांगा."

त्यांची अब्रू राखायला निघालेली मी, माझीच गेली. मी सगळं सांगितलं, गिरणीमालकासकट. पडद्यावर त्यांच्या डोक्यामागे ते जहाज होतं, मी त्याच्याकडे बघत बोलत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता गिरणीमालकाचं विचारतील.

"तिने पोराला स्वतःजवळ ठेवलं का?" त्यांनी विचारलं.

माझ्या आखलेल्या वहीत याचा रकाना नव्हता. पाहून सांगते म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी पानं काढली. उत्तर लग्नाच्या पानावर होतं. मी ते पान पहिल्याच दिवशी वाचलं होतं आणि साक्षीदाराच्या जागची फुली बघून, निरक्षर कोणीतरी, म्हणून पुढे गेले होते. फुलीच्या शेजारी पाद्र्याने बारीक अक्षरात नाव लिहिलेलं होतं. आईचं. पोरगा वडील म्हणून कप्तानाचं नाव सांगत होता तेव्हा ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती, आणि ते खरं असल्याची साक्ष तिनेच दिली होती.

हे व्याह्यांना सांगितल्यावर मात्र ते उठून गेले. पडद्यावर नुसती खुर्ची. परत आले तेव्हा नाक लाल होतं.

"गिरणीवाला नको," ते म्हणाले. "त्याच्यासाठी अख्खा रकाना ठेवला होता, त्याने तो रिकामा सोडला. तिचं नाव घाला. आणि घालता येत नसेल तर आमचं कोणाचंच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्म घेऊन दिरांकडे गेले. त्यांनी तो उजेडात धरून वाचला.

"हे बाईचं नाव आहे?"

"हो."

"अहो, गिरणीमालक हातात असताना? मधलं नाव बापाचंच असणार, शेंबडं पोर सांगेल. गिरणी म्हणजे काय थोडं झालं?"

"व्याही नको म्हणतात."

"त्यांना काय समजतंय? बस चालवायचे ना ते?"

"म्हणूनच. ठरलेल्या स्टॉपच्या पुढे नेत नाहीत ते गाडी."

दिरांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. "मग कप्तान ठेवू. टंकून झालाय."

"भाऊजी, कप्तान नव्हता."

"नव्हता तर नव्हता. आपला मूळ पुरुष तरी कोणी पाहिलाय? वहिनी, बापाच्या रकान्यात बाई बसवली तर उद्या कोणीही उठेल. लोक काय म्हणतील?"

"अहो, तुमच्या आजोबांच्या वेळी कोण काय म्हणालं?" जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. दिरांच्या आजोबांच्या नोंदीत पहिल्या आवृत्तीत एक ओळ आहे: 'दत्तक, दूरच्या शाखेतून.' कोणत्या शाखेतून ते नाही. त्याच पानावर आणखी एक ओळ आहे. घरातल्या एक बालविधवा आत्याबाई काशीयात्रेला गेल्या आणि आठ महिन्यांनी परतल्या. त्या परतल्या त्याच महिन्यात दत्तकविधान झालं. आपल्या घराण्यात काशीला इतकं सावकाश दुसरं कोणी गेलेलं नाही. घरातल्या सगळ्या बायकांना या दोन ओळी एकाखाली एक वाचता येतात. पुरुषांना त्या नेहमी सुट्या सुट्या दिसतात.

दीर म्हणाले, "तू आत जा."

"जाते की. साखर तळाशी आहे, ढवळू नका, वर यायची नाहीतर."

त्या गेल्या नाहीत. मला वाटतं मी जिंकायच्या तयारीनेच बसले होते, आणि टोमणा मारायला म्हणूनच विचारलं, "काय नाव होतं हो भाऊजी, त्या आत्याबाईंचं?"

दिरांनी कप खाली ठेवला. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनाही नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, मलाही नव्हतं. एका परदेशी धोबिणीचं की मोलकरणीचं नाव मी चार वह्या चाळून शोधून आणलं होतं, आणि या बाईंचं नाव आम्हा तिघांत कोणाला सांगता येईना. विचारायचं तर विचारावं असं माणूसही उरलेलं नव्हतं. पाद्र्याने निदान रेघ मारून आईचं नाव तरी लिहिलं होतं. आमच्या पुस्तकात रेघसुद्धा नव्हती.

दिरांनी चहा संपवला. फॉर्म ओढून घेतला आणि सही केली.

"रकाना भरलेला आहे ना, मग झालं," ते म्हणाले. सहीचा फराटा नेहमीपेक्षा लहान आला.

पुस्तक गेल्या महिन्यात छापून आलं. प्रूफ मी स्वतः तपासलं होतं, त्यात नाव बिनचूक होतं. पण मध्यंतरी समितीने ठराव केला होता की पूर्वजांच्या रकान्यांत सर्वांना एकसारखा मान असावा, आणि छापखान्याने त्याप्रमाणे सरसकट उपाध्या लावल्या. मी पान उघडलं. सुनेचे खापरपणजोबा: 'कै. श्री.', आणि पुढे तिचं नाव. इंग्रजी नाव बाईचं की बाप्याचं हे समितीत कोणाला कळायचं कारणच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते दीर सही करून मोकळे झाले होते. 'दर्यावर्दी घराणे' तेवढं काढायचं राहून गेलं आहे.

या वेळी मी वाळवी लावली नाही. त्याच दिवशी व्याह्यांना सांगितलं की तुमच्या पणजीला आम्ही पुरुष करून कैलासाला पाठवलं आहे. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि तुमच्या आईला पाणी आणावं लागलं.

"तिने आयुष्यभर बापाचं काम केलंच की," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण माझ्या प्रतीत ते खोडा. तुमच्या अक्षरात."

मी 'कै.' खोडलं, 'श्री.' खोडलं. वरती काय लिहावं याचा विचार केला. श्रीमती म्हणावं तर लग्न झालेलं नाही, कुमारी म्हणावं तर कडेवर मूल. काहीच लिहिलं नाही. नाव तेवढं राहिलं.

पार्सल काल टाकलं. देवनागरी तुमच्या तिकडच्या आजोबांना येत नाही आणि तुमच्या आईला ज्ञ आला की धडकी भरते. पण त्या नावात जोडाक्षर एकही नाही, आणि सुटी अक्षरं मी तुम्हाला शिकवली आहेत. तेव्हा पुस्तक आलं की त्यांच्या शेजारी बसा आणि तेवढं एक नाव त्यांना वाचून दाखवा. मोठ्याने वाचा. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं.