खुर्ची आत

साहेबाचा फोन आला की माझी नात उभी राहते. साहेब बसलाय बंगलोरला, ही खरवईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, लॅपटॉपचा कॅमेरा बंद. तो हिला बघतसुद्धा नाही. तरी ही उभी. मागे कंपनीने पाठवलेली चाकांची, गादीची खुर्ची रिकामी. पलीकडून आवाज येतो, "दिमाग घर पे छोड के काम करती हो क्या?" ही घरीच असते, डोकं आणखी कुठे ठेवणार? पण ही भिंतीकडे बघत म्हणते, "सॉरी सर."

काल मी विचारलं, "बसून नाही का गं ऐकता येत?"

"आजी, तू नको ना सुरू होऊस. थकलेय मी."

थकली असणारच. मीही अशीच थकायचे. ते थकणं अजून गुडघ्यांत शिल्लक आहे. म्हटलं, ऐक तर.

तेव्हा आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. टायपिस्ट कसली, बाईसाहेब स्वतःला कारखान्याचा कणाच समजायच्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, आणि चेहऱ्यावर भाव असा की आपण एक दिवस रजा घेतली तर रंगाला रंग चढणार नाही.

आमचे साहेब ओरडणाऱ्यातले नव्हते. पत्रात चूक सापडली की केबिनमधून शांतपणे दोन शब्द यायचे, "खुर्ची आत." शिपाई यायचा, माझी खुर्ची उचलायचा आणि साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीला लावून ठेवायचा. मग दिवसभर टायपिंग उभ्याने. टेबल बसण्याच्या उंचीचं, म्हणजे उभी कसली, वाकलेलीच. आधी खुर्ची चुकीला जायची. मग उशिराला. मग कुणाशी हसून बोलले म्हणून. शेवटी तर सकाळी येऊन बघावं, खुर्ची आधीच आत. चूक मी नंतर सवडीने करायची.

शेजारच्या टेबलावर उल्हासनगरचे एक सिंधी अकाउंटंट बसायचे. भला माणूस. ते कुजबुजायचे, "बहनजी, ठंड रखो. कुर्सी ही है, आज नहीं तो कल मिलेगी." स्वतः बसून म्हणायचे.

घरी ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सोडून दे नोकरी. नाहीतर गप्प बस."

"बसायलाच तर मिळत नाही हो!"

यावर हे हसले. मी हसले नाही. रात्री पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडायचे. नोकरी सोडायची नव्हती. त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. फक्त बसून करायची होती.

मग माझ्या, त्या वेळच्या बावळट पोरीच्या, डोक्यात कारस्थान शिजलं. साहेब जवळच राहायचे. त्यांची बायको सोमवारी मंदिरात दिसायची, ओळखीचं हसायची. संक्रांत आली होती. हळदीकुंकू ठेवायचं, वहिनींना बोलवायचं, आणि बायका गेल्या की नवऱ्याचे गुण त्यांच्या कानावर घालायचे. घरून एकदा झापलं की साहेब सुतासारखे सरळ! एका बाईला पकडायला मी अख्खी आळी बोलावली. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या. तांदूळ धुताना भाषणाची तालीम केली. "वहिनी, राग मानू नका, पण" इथून सुरुवात. शेवटी डोळ्यांत पाणी आणायचं. तेही जमायला लागलं होतं.

वहिनी आल्या सगळ्या बायका गेल्यावर. हळदकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, आणि दाराशीच उभ्या.

"बसा ना वहिनी."

"नको हो, निघायचंच आहे."

"असं कसं? पहिल्यांदा आलात. बसा."

बसल्या. म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकल्या, अर्ध्या. मी घसा साफ केला. एवढ्यात बाहेर स्कूटर वाजली. वहिनी ताडकन उभ्या. पदर सारखा, नजर दाराकडे. स्कूटर पुढे निघून गेली.

"आमचे नव्हेत," त्या हसून म्हणाल्या. "सवय झालीय. ते घरात असले की बसवत नाही मला."

पुन्हा टेकल्या. माझं भाषण घशातच राहिलं. मग नळाला पाणी किती वाजता येतं, असं विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं, "ऑफिसात तुम्हाला तरी बसायला मिळतं ना?"

आणि मी म्हटलं, "हो, मिळतं की! पंख्याखालीच खुर्ची आहे माझी."

त्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. गाळणी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. माझी खुर्ची भिंतीला होतीच.

"ओ बाई, काल घरी बोलावून आमच्या हिला काय काय सांगितलंत?"

साहेबांचा आवाज नेहमीसारखाच शांत. पण हातातलं पेन उगाच उघड-बंद होत होतं. तेव्हा पहिल्यांदा कळलं, ह्या माणसालाही कशाची तरी भीती आहे.

"सांगितलं की मला ऑफिसात खुर्ची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती न्यायला आले, साहेब. वहिनींना खोटं सांगितल्यासारखं नको व्हायला."

फार शूर वाटतं ना ऐकायला? खुर्ची उचलायला गेले ती उचलेना, म्हणून फरफटत आणली. दारात तिचा पाय पडद्यात अडकला. पडदा दांडीसकट खाली. साहेब बघतायत, सगळं ऑफिस बघतंय, शिपायाने भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलेलं. अकाउंटंट चष्मा पुसत बसले, आणि केबिनचं दार बंद झाल्यावर म्हणाले, "बहनजी, कमाल कर दी!" दार बंद झाल्यावर.

मी बसले. त्या दिवशी प्रत्येक पत्रात चुका झाल्या. पण बसून झाल्या.

"मग साहेब सुधारले?" नातीने विचारलं.

"सुधारतात कसले! खुर्चीला हात लावला नाही परत. पण रजा अडवल्या, आणि मला कायम करायचं काम लोंबकळत ठेवलं. मग त्यांची बदली झाली. बढतीवर."

"आणि त्या काकू?"

"त्याही गेल्या. नंतर भेट नाही." इतकी वर्षं झाली, बाहेर गाडी थांबली की मला अजून वाटतं, कुठेतरी ती बाई उठली असेल. त्यांना खुर्ची कोण ओढून आणून देणार होतं? मला माझीच उचलत नव्हती.

तेवढ्यात नातीचा फोन वाजला. तोच. तिचा हात टेबलावर टेकला, ती उठायला लागली. मी नुसती खाकरले.

ती थांबली. माझ्याकडे रागाने बघितलं आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. अर्धी.

"येस सर," ती म्हणाली.

माझ्या काठीचं रबराचं टोक खुर्चीच्या चाकापर्यंत पोचतं. मी खुर्ची हळूच पुढे, तिच्याखाली सारली.