चार वाजता रुसणारं यंत्र

सगळ्या कँटीनांमध्ये त्यांना हंकाका म्हणत. तेल सांडलं म्हणा, मुलगी पास झाली म्हणा, पलीकडून एकच उत्तर यायचं, "हं." पण ते आलं नाही तर बोलणारा अडून बसायचा. तरुणपणी ते टेलिफोन दुरुस्त करायचे. ते काम संपलं तेव्हा तारांशी असलेली ओळख घेऊन ते तळणीच्या मोठ्या यंत्रांच्या दुरुस्तीकडे वळले आणि एकवीस वर्षं तिथेच रमले. बायको म्हणायची, "तुमचा सदरा पिळला तर आठवड्याची फोडणी निघेल."

त्या दुपारी ते एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आले तेव्हा मॅनेजर यंत्रासमोरच उभे होते.

"दोघं मेकॅनिक येऊन गेले, दोघांनीही आतली सर्किटची पाटी बदलली. आज पुन्हा बंद पडलं तर उद्या हे बाहेर. तळलेला माल बाहेरून मागवू, आणि ताई जातील भांड्यांवर."

ताई सोळा वर्षं तळणीवर होत्या. तेलात टाकलेला तुकडा कधी वर येईल हे त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळायचं. त्या आधीच लख्ख असलेला झारा पुसत राहिल्या. मॅनेजर गेल्यावर काकांनी विचारलं, "बंद कधी पडतं?"

"चारला. तेल गाळून झालं की लगेच. 'संपर्क नाही' अशी अक्षरं येतात आणि गार होत जातं. माझ्या सासूबाईंसारखं, कशावरून रुसलं ते सांगतच नाही. आणि ते दोघं यायचे सकाळी. सकाळी हे गुणाचं पोर!"

"हं. पुढे ही आकड्यांची पाटी, मागे डब्यात दुसरी. पुढची सारखं विचारते, किती तापलं? मागचीनं लगेच सांगायचं. नाही सांगितलं तर पुढची घाबरते आणि आच बंद करते."

"म्हणजे मागचीनं नुसतं हं म्हटलं तरी पुरे?"

"हं," काका म्हणाले, आणि ताई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

काकांनी एकही स्क्रू काढला नाही. दोष घरी असेल तेव्हाच त्याला भेटायला जावं, अशी त्यांची रीत. स्टूल ओढून ते चार वाजायची वाट बघत बसले. वरच्या झरोक्यातून ऊन तेलावर उतरलं होतं आणि तेल श्वास घेतल्यासारखं हलत होतं. काकांचे डोळे जड झाले. त्यांना एक लांब, अंधारी वाट दिसली, तारेएवढी अरुंद. तिच्या एका टोकाला कुणीतरी विचारत होतं, आहेस ना? दुसऱ्या टोकाला माणूस होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, पण शब्द मधेच कुठेतरी वितळत होता. टेलिफोनच्या दिवसांतही त्यांना हेच स्वप्न पडायचं. तेव्हा वाट गार असायची. आज तिला आच लागत होती.

पंपाच्या गुरगुरीनं ते जागे झाले. ताई तेल गाळत होत्या. गरम तेल मागच्या नळीतून फिरून पुन्हा कढईत पडत होतं. दहा मिनिटांत गाळून झालं. समोरचे आकडे थरथरले आणि अक्षरं आली: संपर्क नाही.

ताईंचा हात हवेतच थांबला. दारात मॅनेजर घड्याळ बघत होते.

काका बॅटरी घेऊन यंत्राच्या मागे उताणे सरकले. दोन पाट्यांमधली बारीक तार तेलाच्या नळीला बांधलेली होती. दुहेरी गाठ, नीटनेटकी. नळी तापली की तार सैल पडून लोंबायची आणि तिच्या टोकाचा काटा खाचेतून केसभर मागे सरायचा. गार झाली की पुन्हा जागेवर. गाठ होती पांढऱ्या कापडी बंदाची. काकांनी मान वळवली. ताईंच्या एप्रनला डाव्या बाजूला बंद नव्हता, तिथे सेफ्टी पिन होती.

"काय निघालं?" मॅनेजरनी विचारलं.

यंत्राखालून नुसतं "हं" आलं.

"हं म्हणजे काय?"

ताईंचे पाय काकांना दिसत होते. ते हलत नव्हते.

"तार गरम नळीला टेकत होती. बनवणाऱ्यानं तिला जागाच ठेवलेली नाही. क्लिप लावतो."

गाठ कापायला सोपी होती, पण त्यांनी ती नखानं सोडवली आणि बंद खिशात टाकला. काटा चिमट्यानं पुढे ओढून घट्ट बसवला, तार नळीपासून दूर नेऊन क्लिपमध्ये अडकवली. मग म्हणाले, "पुन्हा गाळा."

ताईंनी पुन्हा गाळलं. नळी हात लावू देईना इतकी तापली. आकडे ढिम्म हलले नाहीत, आणि मग एकेक करत वर चढू लागले. मॅनेजर जरा वेळ बघत राहिले. "मग भांड्यांवर दुसरं कुणीतरी बघावं लागेल," एवढं बोलून ते निघून गेले.

ताईंनी बटाट्याच्या फोडी सोडल्या. तेल एकदम बोलायला लागलं. त्या आवाजाच्या आडून त्या हळूच म्हणाल्या, "लादी पुसताना तार भिजायची हो काका. म्हणून मीच वर बांधली. चांगलं करायला गेले..."

"हं."

त्या पुढचं ऐकायला थांबल्या. काकांनी बंद काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"हा शिवून घ्या. पिन तेलात पडेल एखाद दिवशी."