चहा कोणी केला?

आमच्या लालबागच्या चाळीखाली काकांचं लाद्यांचं दुकान आहे; अख्खी चाळ त्यांना काकाच म्हणते. शिवाय ते कोर्टात वकिली करतात आणि चाळ कमिटीचे अध्यक्षही तेच. व्यापारी, वकील आणि पुढारी, तिन्ही एकाच माणसात! मोर्च्यांची पत्रकं वाटत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्या मुलीने त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? चाळ पडून टॉवर उभा राहिला तर लाद्या त्यांच्याच खपणार.

ते बोलतात फक्त प्रश्नांत. "कुठून आलीस? चालत? मग घाम कसा नाही?" जिन्यात भेटले की मी आरोपीच.

रविवारी ते, टॉवरमध्ये कोणाला घर मिळणार याची यादी करणाऱ्या बिल्डरच्या माणसाला खोल्या दाखवत आमच्याकडे आले. भाडेपावती अजून वारलेल्या बाबांच्या नावावर आहे.

"पावतीवरचा माणूसच नाही, म्हणजे यादीत खोली बंद धरावी लागेल, घर मिळणार नाही," चहा पिता पिता तो माणूस म्हणाला. आई ओट्याला धरून उभी राहिली. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्षांनी मला हातानेच थांबवलं.

"चहा कसा झालाय, साहेब?"

"फर्स्ट क्लास."

"कोणी केला?"

"ह्या बाईंनी."

"कुठे?"

"इथेच की."

"बंद खोलीत?"

दारात जमलेली अख्खी चाळ हसली. त्या माणसाचे कान लाल झाले. "लावतो काका, बाईंचं नाव लावतो."

"आत्ता लावता ना? आमच्यासमोर?"

त्याने लावलं.

लाद्यांवरून मी त्यांच्याशी भांडणार आहेच. पण बाहेरच्या माणसांसमोर कधीच न बसणारी आई खुर्ची ओढून बसली आणि मला म्हणाली, "मला पण अर्धा कप दे गं."